रावजी काळ्यांची वत्सला

नाशिक, ता. ९ ऑगस्ट १९३६

ती. दादास, वत्सलाचा सा. न. वि. वि.

माझी गोष्ट पुण्याच्या मासिकात छापून आली! पण खाली नुसते 'काळे' आहे. मी पूर्ण नाव पाठवले होते. आपल्या आडनावाचे तीन नामांकित लेखक आहेत, हे तुला ठाऊकच. काल वाचनालयात दोघे गृहस्थ वाद घालत होते. एक म्हणे गोष्ट कादंबरीकार काळ्यांची, दुसरा म्हणे नाटककार काळ्यांची. ती माझी आहे असे मी सांगितले तर हसले. गोष्टीतल्या शेवंतीच्या वाफ्याला पाणी कसे देतात ते तरी ठाऊक आहे का, असे मलाच विचारले! बाबांच्या मळ्यातले वाफे भरूनच मी रोज शाळेत शिकवायला जाते.

संपादक लिहितात, नाव चुकून गळले. पण अंक हातोहात गेला, तेव्हा पुढेही नुसते 'काळे'च ठेवावे. तुझे मत लगेच कळव.

तुझी,
वत्सला

इगतपुरी, ता. १३ ऑगस्ट १९३६

चि. वत्सलास गोरक्षचे अनेक आशीर्वाद.

गोष्ट स्टेशनातल्या मंडळींना वाचून दाखवली. पत्र्यावर पाऊस असा, की ओरडून घसा बसला. गाड्यांचे रूळ बदलणारा आमचा सांधेवाला मंगळू म्हणाला, हे लिहिणाऱ्याच्या नखात माती असणार. तुझे नाव सांगताच मंडळी चाटच पडली.

तरी संपादकांशी भांडू नकोस. माळ्याच्या पोरीला दुसरा कोण छापणार? चार गोष्टी मोठ्यांच्या सावलीत येऊ देत, नावाचे मग पाहू. बाबांना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझा दादा

नाशिक, ता. २० सप्टेंबर १९३६

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझे ऐकले नाही, रागावू नकोस. दुसरी गोष्ट पाठवताना संपादकांना लिहिले, की काळे पुष्कळ असतील, पण रावजी काळ्यांची वत्सला मी एकटीच. पूर्ण नाव छापायचे नसेल तर गोष्ट परत करावी. महिनाभर उत्तर नाही. पोस्टमन दिसला की वाफा अर्धा सोडून धावे. काल एकदम अंकच आला. गोष्टीखाली 'वत्सला रावजी काळे', आणि मागची गोष्टही माझीच, असा खुलासा!

बाबांना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, यात माझे नाव कुठले? मी 'रावजी' दाखवले. ते उठून हात धुऊन आले आणि त्या तीन अक्षरांवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, मला बरोबर मधे बसवलंय की.

आज अंक फडक्यात बांधून ते फुलबाजारात गेले आहेत. फुले आठालाच संपतात. आता दुपारचे दोन वाजले, अजून परतले नाहीत.

तुझी,
वत्सला रावजी काळे