दोन पायांचं माप

पुणे, गुरुवार

माय,
तुझ्या आन् आबाच्या पाया पडते. फोनवर तू "बरी हाय" म्हणून लगेच ठेवतीस, म्हणून चिठ्ठी लिहायलेय. धाकट्या प्रियांकाकडून वाचून घे.

दुकानात दिवसभर उभं राहून माझी टाच लय दुखायली होती. आता उतार हाय. डॉक्टर म्हणाले, चप्पल तोकडी पडायली. तिच्यासाठी तू सकाळी, मी बाजंवर बसलेली असताना, तुरीची काडी, तुराटी, मोडून माझ्या पायाचं माप घेतलं होतंस. उभं राहून राहून पाय संध्याकाळी पसरतो म्हणे. त्यात तुझी काय चूक, गावात सगळे असंच माप घेतेत.

आता तुझ्यासाठी मागं पट्टा असलेली चप्पल घ्यायचीय. तुराटीनं नुसती लांबी कळती. वावरातून आलीस की उभी राहा आन् प्रियांकाला दोन्ही घोट्यांभोवती दोरा धरू दे. बालाजीमामा रविवारी पूर्णा स्टेशनावरून पुण्याच्या गाडीत बसणार हायेत, दोन्ही दोरे त्यांच्याजवळ दे.

डावा घोटा सुजलाय, हे मला आबानं सांगितलं. तू न्हाई सांगितलंस.

दोन्ही दोरे सारखेच निघाले, तर मी सुट्टी टाकून स्वतः मोजायला येईन.

तुझी,
शिवकन्या