ऑर्डेलियाचा हुंदका

१० मार्च १९५५, गुरुवार

आज खोलीभर माणसांना हसवलं. लेखणीने नव्हे — तोंडाने! त्याची चव अजून जिभेवर आहे.

फर्निचरच्या दुकानामागे डुप्लेसीच्या बँडचं रेकॉर्डिंग. गाणारा क्लोविस, आमच्याच चर्चमधला पोरगा, आवाज सोन्याचा, अक्कल बेताची. गाणं असं रखडत होतं की ड्रमवाला जांभया देत होता. मला बोलावलं होतं शब्द चटपटीत करायला. आपल्या साप्ताहिकात ‘तिखटमीठ’ हे सदर लिहून लोकांच्या टोप्या उडवते, म्हणजे गाणीही जमतील असा डुप्लेसीचा समज. मढ्याला कितीही पावडर लावा, ते उठून नाचत नाही.

मधल्या वेळात सगळे तळलेल्या माशांचे सँडविच खात बसलेले. मी म्हटलं, “झोप उडवायची तर आमच्या ऑर्डेलियाला आणा.” आणि उभी राहून, ती चर्चमध्ये गाते तशी तिची नक्कल केली. हात कमरेवर, हनुवटी वर.

दाराशी ये रे प्रभू, दिवा जळतोय अजून.

‘अजून’वर तिचा आवाज तुटतो, तसा तोडला. हशा! मग मला चेव आला. तेच टाचेने ताल धरून भरभर म्हटलं आणि ‘प्रभू’च्या जागी ‘राजा’ घातला. ड्रमवाला हसता हसता वाजवायलाच लागला. हसला नाही तो एकटा क्लोविस.

“मावशी, परत म्हणा. ते तुटतं ना, ते परत.”

परत म्हटलं. पुन्हा परत. संध्याकाळपर्यंत गाणं तयार.

११ मार्च

नीट झोप नाही.

ऑर्डेलिया माझी थोरली बहीण. तिचा रॉस्को धक्क्यावर कामाला होता. तो उशिरा यायचा म्हणून ती खिडकीत दिवा ठेवायची. एका दिवशी जहाजाच्या तळात पडला, आलाच नाही. त्याच्या मातीला तिने हे गाणं उचललं. त्याआधी ते कुणी ऐकलेलं नव्हतं.

आमच्या चर्चमध्ये ज्याचं गाणं त्याचंच. बाकीचे साथ देतील, पण उचलणार, म्हणजे पहिला सूर लावून पुढे गाणार, तोच. माणूस आजारी पडला तर त्याची जागा रिकामी राहते आणि गाणंही.

हे मला काल ठाऊक नव्हतं? होतं. म्हणून तर नक्कल इतकी हुबेहूब जमली.

असो. डुप्लेसीच्या कितीतरी रेकॉर्डी कुणी ऐकतसुद्धा नाही. ही पण त्यातलीच निघो.

७ मे, शनिवार

निघाली नाही.

कोपऱ्यावरच्या बारमधली, नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारी गाण्यांची पेटी दिवसभर तेच ओकते आहे. न्हाव्याकडे तेच. आम्हा काळ्यांचं गाणं सहसा न लावणाऱ्या गोऱ्यांच्या रेडिओवरही लागलं म्हणे. पोरी ‘अजून’ची वाट बघत उभ्या राहतात, क्लोविसचा आवाज तुटला की किंचाळतात.

मी डुप्लेसीला सांगून रेकॉर्डवर माझं नाव घालू दिलं नव्हतं. तो म्हणाला, “नाव नको म्हणणारी लेखिका पहिल्यांदा बघतोय. काय ही नम्रता!”

नम्रता!

१५ मे, रविवार

ऑर्डेलिया उठली. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. पहिली ओळ तिने नेहमीसारखी लांबवून, सावकाश म्हटली. मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या — त्या पेटीतल्या, नाचाच्या. म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. टाळ्या थांबल्या, पण ‘अजून’ यायच्या आधीच कुणा पोरीने तोंडातल्या तोंडात ते तुटणं करून दाखवलं. खुसखुस झाली.

ऑर्डेलिया थांबली. हातमोजे नीट ओढून घेतले आणि बसली.

मी तिच्या शेजारीच होते. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी भजनाच्या पुस्तकात डोकं घातलं. पुस्तक उलटं होतं.

१९ मे

पास्टर क्लोविसच्या आईला म्हणाले, “देवाच्या घरातून चोरून सैतानाच्या पेटीत घातलं तुमच्या लेकाने. त्याने आता इथे पाऊल टाकायचं नाही.” बिचारी दारातच रडली.

आणि मी काय केलं? ‘तिखटमीठ’ लिहिलं. क्लोविसवर. “आमचे नवे गायक चर्चमध्ये दान टाकायला जात नाहीत, उचलायला जातात.” संपादक फोनवर पोट धरून हसला. म्हणाला, “व्हर्लीनबाई, या वर्षातला सगळ्यात झणझणीत!”

छापून आलं. वाचलं. विनोद चांगला आहे. लिहिणारी नाही.

२२ मे, रविवार

ऑर्डेलियाच्या वेळेला पास्टर थांबले. सगळे थांबले. ती उठली नाही. बायकांच्या हातातले पंखे हलत राहिले.

२ जून

बाजारात क्लोविस भेटला. नवा सूट, झगझगीत बूट, चेहरा मात्र तापातून उठल्यासारखा. मी भेंडीच्या ढिगामागे सरकायला बघत होते, पण त्याने गाठलंच.

“मावशी, तुमचा लेख वाचला.”

“हं.”

“मी कुणाला सांगितलं नाही हं. तुम्ही काळजी करू नका.”

“का नाही सांगितलंस?”

“तुमची बहीण आहे ना ती. तुम्हीच सांगाल, म्हटलं.” मग नव्या बुटांकडे बघत, “आई एकटीच जाते हो आता चर्चला. मागे बसते.”

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला माझ्याकडे नेहमी उत्तर असतं.

६ जून, सोमवार

आमच्याकडे सोमवार म्हणजे घरोघरी कपडे धुणं आणि चुलीवर राजमा. ऑर्डेलियाकडे गेले. चुलीवर पातेलं रटरटत होतं, ती मागच्या अंगणात चादरी पिळत होती. एक टोक तिने माझ्या हातात दिलं.

“ऑर्डेलिया, ते क्लोविसने नाही नेलं. मी दिलं.”

“पीळ.”

मी पिळलं.

“मला पहिल्या दिवशीच कळलं,” ती म्हणाली. “तो पोरगा तुझ्यासारखा तुटतो, माझ्यासारखा नाही. माझा श्वास संपतो. तू हसू आवरायला थांबतेस. लहानपणी आत्याची नक्कल करायचीस तेव्हाही अशीच थांबायचीस.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुझी वाट बघत होते. तुझा लेख आला. म्हटलं, आता तरी येईल. दर सोमवारी तुझ्यासाठी मूठभर राजमा जास्त भिजवत होते.”

चादर कधीच कोरडी झाली होती. आम्ही पिळतच होतो.

“मला फटकाव तरी,” मी म्हटलं.

“चादर सोड, फाटेल.” तिने ती दोरीवर टाकली. “आता ते माझ्याने उचलवत नाही, व्हर्लीन. तोंड उघडलं की आतून ती पेटीच वाजते. रॉस्को येत नाही, पेटी येते. रविवारी तू उचल.”

“मला कोण उचलू देईल?”

“ज्याचं त्याने दिलं तर चालतं. तू न विचारता घेतलंस, आता मी देऊन टाकते. आणि आधी त्या पोराचं सगळ्यांदेखत सांग. त्याच्या आईला पुढच्या बाकावर बसव.”

मग जेवायला वाढलं. मी जेवले. नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

११ जून

माझा आवाज कावळ्याचा. लोक हसतील. हसू देत. हसवणं हाच धंदा आहे माझा.

१२ जून, रविवार

सांगितलं सगळं. क्लोविसची आई पुढे येऊन बसली. पास्टर खाली बघत होते. मग मी गाणं उचललं. ‘प्रभू’ म्हणायला गेले आणि तोंडातून ‘राजा’ निघालं.

कुणी हसलं नाही.

मी तशीच उभी. मागून ऑर्डेलियाने बसल्या बसल्या शब्द दिला. वाचता न येणाऱ्यांना आमच्याकडे ओळ सांगतात, तसा. तिने सांगितलं, मी म्हटलं. पुढचा सांगितला, म्हटला. सबंध गाणं तसंच.

शेवटचं ‘अजून’ तिने सांगितलं नाही. मी थांबले. मग एकटीने म्हणायला गेले, आणि माझा श्वास संपला.