गेणूकाकांचा अंगठा

बंगलोर,
फेब्रुवारी १९८९

तीर्थरूप सगुणाआत्यास,

सहादूचा इथूनच वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? (जिना चढू नको. पण विंचूरहून लासलगावच्या एस.टी.त चढता येतं का, तेवढं बघून ठेव.) मामांचा खोकला थांबला असेल, गाय व्यायली असेल, असं धरून चालतो. मी खुशाल आहे. माझी शाळा सहावीत सुटली, मग इगतपुरीचं हॉटेल सुटलं, नाशिकचं गॅरेज सुटलं. ही प्रयोगशाळा मात्र अजून सुटलेली नाही, याचं मलाही तुझ्याएवढंच नवल वाटतं.

लासलगावच्या गेणूकाकांनी तुला सांगितलं होतंच, की पोराचं काम डोळ्यांनी बघीन, मगच आमच्या मैनेच्या लग्नाचं बोलू. मी निर्धास्त होतो, एवढ्या लांब कोण येतंय! तर मंगळवारी कांद्याच्या ट्रकमधून काका स्वतः उतरले, फेट्यासकट.

आता मी इथं काय करतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे एक पोलादी हंडा आहे. त्यातली सगळी हवा पंपानं ओढून काढायची, आत नखाएवढी चकती लालभडक तापवायची आणि वर टांगलेल्या काळ्या वडीतला कण न् कण तिच्यावर बसवायचा. थर इतका पातळ, की कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे गोधडी. तो नीट जमला आणि नायट्रोजनच्या थंडीत बुडवला, तर वीज त्यातून अशी जाते की वाटेत थेंबभर सांडत नाही. सगळं जग म्हणे सध्या ह्याच्याच मागे आहे. (हे सगळं साहेब करतात. मी नायट्रोजनचा भला मोठा थर्मास भरतो, पंपाचं तेल बदलतो आणि येणाऱ्यांना चपला काढायला लावतो.) पण थर काही जमेना. कधी डाग, कधी भेगा, कधी बाहेर काढला की पोपडे. साहेबांनी दाढी करायचं सोडलं होतं.

आणि काका आले त्याच सकाळी थर जमला! विजेची सांड मोजणारा काटा शून्यावर येऊन बसला, साहेब नाचले, म्हैसूरपाक आला. त्या गोंधळात मी काकांना आत नेऊन छाती फुगवून म्हटलं, हा आमचा माल. काकांनी हंडा बघितला, मग चकती बघितली. "एवढ्या हंड्यात एवढंच शिजतं व्हय रं?" म्हणाले, आणि आत्या, लिलावात ढिगातला कांदा उचलतात ना, तशी त्यांनी ती टेबलावरून उचलली आणि तंबाखूच्या अंगठ्यानं रगडून चोळली!

तिला आम्ही चिमट्याशिवाय शिवत नाही. श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडतो. साहेब किंचाळले, पण कन्नडमध्ये. काकांना वाटलं, भाव सांगतायत. त्यांनी आणखी जोरात चोळली. मग अंगठा उजेडात धरून निवांत बोलले, "साल निघत नाय. टिकाऊ हाय माल."

साहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. तेव्हा त्यांनी काकांचा अंगठाच भिंगाखाली धरला. तंबाखूशिवाय त्याच्यावर काही नव्हतं. साहेब खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. (पोपडे निघतात का, हे ते स्वतःच दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी लावून बघणार होते.) चकती स्पिरिटनं पुसून पुन्हा बुडवली, काटा पुन्हा शून्यावर. काकांना दोन कप चहा आणि म्हैसूरपाकाचा पुडा मिळाला. ट्रकचा हॉर्न वाजला तसे ते निघाले. मैनेबद्दल ना हो, ना नाही. "बघू" म्हणाले. बाकी इकडे सगळा आनंद आहे.

तुझा लाडका (मामांनी काहीही म्हणू दे),
सहादू

ता.क. चकती काकांबरोबर गेली आहे. टेबल झाडलं, केर चाळला, पंपाचं तेल गाळलं, तेव्हा कुठे आठवलं की पसंत पडलेल्या मालाची वानगी काकांचा हात आपोआप बंडीच्या खिशात टाकतो. तर पत्र मिळताच लासलगाव गाठ. पाणी लागलं की ती नासते, म्हणून कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेव. काकांची बंडी पाडव्याशिवाय धुवायला पडत नाही, ह्याच आधारावर साहेब जेवतायत.

ता.क. दुसरा. बंडी धुतलीच असेल तर कपाळ बडवू नको, आता हात बसलाय, दुसरी करू. तू मैनेचंच विचार. आणि घाबरू नको. नापसंत माल काका खिशात घालत नाहीत, ढिगात परत फेकतात.

ता.क. तिसरा. चकती मैनेच्या हाती लागली असेल, तर मात्र काही मागू नको. अशी नाजूक वस्तू आणायला मीच जायला पाहिजे, हे मी साहेबांना पटवलंय. रजा मंजूर आहे.