फ्लॉपीच्या फटीतल्या अक्षता

चारुशीला,

मी सकाळच्या बसनं निर्मल गावी तुझ्या मावशीकडे जाऊन राह्यली. रविवारी येईन. पिठलं झाकून ठेवलं हाय, भाकरी टोपल्यात हायेत. बाबांले गरम करून वाढ.

उद्या बाबा कम्प्युटर दुरुस्तीले हैदराबादला पाठवणार, म्हणून आता खरं लिहिते. तो ना तुझ्या विंडोजनं बिघडला, ना बाबांच्या जुन्या डॉसनं. बिघडवला मी. दसऱ्याच्या पूजेत मी त्याले हळदकुंकू लावलं अन् अक्षता वाहिल्या. फ्लॉपी घालायच्या फटीत दोन-चार दाणे गेले. तवापासून तो एकही फ्लॉपी वाचत नाई. अन् तुमी दोघं रोज संध्याकाळी एकदा डॉस, एकदा विंडोज चालू करून एकमेकांच्या सिस्टमले नावं ठेवून राह्यले!

तू म्हणशील, आई, महिनाभर काऊन नाई सांगतलं? नागपूरचं स्थळ तू नाकारलं, तवापासून या घरात बाप-लेक बोलत नव्हते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी तुले स्वतःहून हाक मारली, "चारू, हे पाह्य जरा." मी स्वयंपाकघरात होती. मग मले सांगवलंच नाई.

बारीक चिमटा देवघरात निरांजनाजवळ ठेवला हाय. दाणे दोघं मिळून काढा. पण त्याच्याआधी त्या स्थळाचं काय ते बोलून घ्या. मशीन चांगली झाली की बोलायले निमित्त राहणार नाई.

आई