केबिनच्या नव्या खिडक्या

प्रिय धाकट्या,

मावशी म्हणाली, तुझा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. दुखत असेल. दुखू दे, असं पहिले दोन दिवस वाटायचं. आता नाही वाटत.

बोटीच्या केबिनला नव्या खिडक्या बसवतेय. दुकानदाराने पारदर्शक प्लास्टिकचे दोन तुकडे पुढ्यात ठेवले. अ‍ॅक्रिलिक अगदी काचेसारखं नितळ, उन्हाला टिकणारं, पण जोराचा घाव बसला की तडकून धारदार कपच्या उडतात. आपलं जुनं तेच होतं. पॉलिकार्बोनेटवर फडक्यानेही चरे उठतात, काही वर्षांत ते पिवळट पडतं, पण फुटत नाही. “मारून बघा,” म्हणत त्याने हातोडी दिली. मी मारली, आणि मारतच राहिले. ती उसळून माझ्या कपाळाला लागली तेव्हा त्याने हातातून काढून घेतली. तेवढा वेळ मला समोर तूच दिसत होतास.

त्या दुपारी तू पिऊन बोट धक्क्यावर आदळलीस, म्हणून बाबांनी सुकाणू माझ्याकडे दिलं. तुला राग येणारच होता. पण बाबा केबिनला आतून कडी लावून बसलेले असताना तू हातोड्याने खिडक्या फोडायला लागलास. दुसरी फुटली तेव्हाच ते किंचाळले. डोळ्यावर दाबलेल्या हाताखालून रक्त गळत होतं, ते तुला दिसलं, आणि तरी तू तिसरीवर घाव घातलास. मी वल्हं उचललं. पहिल्या फटक्यातच तुझा हातोडा खाली पडला होता. दुसरा मी हाड मोडायलाच मारला.

बाबांचा डावा डोळा गेला. ते सगळ्यांना सांगतात, लाटेने खिडकी फुटली. मी पॉलिकार्बोनेट आणलं तर म्हणाले, “लाटेला अ‍ॅक्रिलिक पुरलं असतं की.” मी म्हटलं, “लाटेसाठी नाही आणलं, बाबा.”  एका डोळ्याने अंदाज चुकत होता, तरी ते खिडकीच्या चौकटीत रबराची पट्टी दाबत राहिले.

डॉक्टरांना लाटेची गोष्ट पटलेली नाही. सोमवारी पोलीस जबाब घ्यायला येतील. मी खरं सांगणार आहे, तुझा हातोडा आणि माझा दुसरा फटकासुद्धा. बाबा कदाचित पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत. तू पळून जावंस म्हणून हे कळवत नाहीये. दारात पोलीस उभे राहण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्याचसाठी लिहिलं. मावशीकडेच थांब.

तुझा हात मोडणारी, तरी तुझीच,
ताई