होडीतली पेटी

रविवार, संध्याकाळ

यांनी आमच्या होडीसाठी संडास केलाय. लाकडी पेटी, आत बादली, वरून टाकायला भुसा. पुढे त्याचं खत होतं म्हणे. केला माझ्यासाठीच. उजनी धरणाच्या पाण्यावर तासभर मला लघवी रोखून धरवत नाही, हे फक्त यांनाच माहीत. मला टोचू नये म्हणून कड तीनदा घासली.

आज कॉन्व्हेंटातल्या मैत्रिणी आल्या. अंगणातली पेटी बघून शीलाने विचारलं, "हे काय गं?"

"यांचा रिकामा उद्योग. कोंबड्यांचं खुराडं." सगळ्या हसल्या.

हे दारातच होते. म्हणाले, "व्हय, कोंबडी एकच हाय. लई लाजाळू."

त्या गेल्यावर यांनी एवढंच विचारलं, "रंग कंचा देऊ?"

शाळेत सिस्टर उठता-बसता सॉरी म्हणायला लावायच्या. आज एकदाही म्हणता आलं नाही. त्या गुळगुळीत कडेवरून नुसता हात फिरवत राहिले.