'रोहिणी बी.एस्सी.' कोरलेला सुरा

आबा,

'प्रिय' लिहिणार होते. लिहिलं, खोडलं, मग कागदच बदलला. शिकलेल्या मुलीनं वडिलांना पत्र कसं सुरू करावं ते मला येतं. आज तसं करवत नाही.

रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. दूध संस्थेच्या कोपऱ्यावर तुमचा फ्लेक्स लागणार आहे. विनू सकाळपासून माझ्या मागं लागलाय. घरात पदवी एकटीची, म्हणून लग्नपत्रिका असो नाहीतर तलाठ्याचा अर्ज, लिहायचं काम माझं.

"ताई, चार वळी दे की. फ्लेक्सवाला पाचला छपाईला लावतोय."

"काय लिहू?"

"लिही की, ज्यांच्या हातच्या पात्यानं कुणालाच कधी दगा दिला न्हाई. असं कायतरी डोळ्यात पाणी येईल असलं. तुला जमतंय."

नाही जमत मला! तुमचा धाकटा मुलगा हे मनापासून बोलला, कारण त्याला काहीच माहीत नाही. मला माहीत आहे. एका माणसाला तुमच्या पात्यानं दगा दिला, आणि तो चुकून दिला नाही. म्हणून फ्लेक्सच्या आधी तुम्हालाच लिहितेय. आता मध्येच उठून भट्टीकडं जाणार नाही तुम्ही. ऐकावं लागेल.

पदवीचा निकाल लागला तो दिवस आठवतो? तुम्ही आईला गोड करायला सांगितलंत आणि मला भट्टीत बोलावलंत. ऐरणीवर धुतलेलं फडकं होतं. फडक्यात सुरा. पातं पंज्याएवढं, पाठ दोन नाण्यांएवढी जाड, शिसवीची मूठ, पितळेची कड. पात्यावर कोरलेलं, रोहिणी बी.एस्सी. खाली तुमचा ठसा, तीन टिंबं आणि वर चंद्रकोर. सुरा हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात, म्हणून तुम्ही तो जमिनीवर ठेवलात आणि म्हणालात, "उचल. तुझाच हाय."

मी रडले होते, आबा. तीन वर्षं मागत होते मी तुमच्याकडं.

मी मुलींची रानशिबिरं घेते हे तुम्हाला कधी काम वाटलं नाही. "झाडांची नावं सांगत हिंडती," असं पाहुण्यांना सांगायचात. पण मी ते काम शपथ घेतल्यासारखं करत होते, अजून करते. मला वाटतं की चौदा वर्षांच्या मुलीला गाठ मारता यावी, चूल पेटवता यावी, ओढ्याचं पाणी बघून उतरायचं की थांबायचं हे ठरवता यावं. हसा हवं तर. आणि अशा कामाला कमरेला एक भरवशाचा सुरा लागतो. मिटायचा नाही. मिटायचा चाकू जिथं सांधा असतो तिथंच मोडतो, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना!

लहानपणी मी तुमचा भाता ओढायचे. तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचात आणि मला ते पाठ व्हायचं. पातं आणि मूठ एकाच पट्टीची बघा, मुठीत नुसतं टोक खुपसलेलं नको. पाठ जाड बघा. मूठ ओल्या हातात फिरती का बघा. आणि शेवटी कानस फिरवून बघा. लाल झालेलं पातं तेलात बुडवून कडक केलेलं असलं, म्हणजे पाणी दिलेलं असलं, तर कानस वरून घसरते. पाणी नसलं तर कानस खाते. "बिनपाण्याचं पातं म्हंजे पत्रा," हे तुमचं वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं.

एवढं सगळं पाठ असून मी त्या सुऱ्यावर कानस फिरवली नाही. सांगा, लोहाराची कोणती मुलगी बापाच्या हातची वस्तू तपासून घेईल?

पहिल्या महिन्यापासून धार पडायची. कागद सुरेख कापायचा, दोरी कापायचा, मग एखादी ओली फांदी तासली की बोथट. मला वाटायचं मलाच धार लावता येत नाही. शिबिराच्या आदल्या दिवशी मी दगडावर तासभर पातं घासत बसायचे. तुम्ही समोरून जायचात. बघायचात. एकदा तर थांबून म्हणालात, "कोन जरा उतरता धर." कसं म्हणवलं तुम्हाला ते? तो कोन कसाही धरला तरी काय होणार होतं?

मग गगनबावड्याचं शिबिर.

श्रावण होता. ओढा कमरेएवढा होता आणि आम्ही दोर बांधून एकेकीला पलीकडं नेत होतो. सगळं नियमानं चाललं होतं. अनुजा म्हणून एक मुलगी, आठवीतली, बडबडी. तिचा पाय घसरला आणि पाठीवरच्या सॅकचा पट्टा आडव्या पडलेल्या झाडाच्या फांदीत अडकला. पाणी तिला खाली ढकलत होतं, पट्टा वर ओढत होता. बकल तिच्या अंगाखाली. मी दोर सोडून तिच्यापाशी गेले आणि तुमचा सुरा काढला.

सकाळीच मी त्यानं तंबूच्या खुंट्या तासल्या होत्या. धार पार दुमडली होती. ओला नायलॉन त्याखाली नुसता सरकत होता. मी घासतेय, घासतेय. अनुजा म्हणते, "ताई, कापा ना, ताई!" तिच्या तोंडात पाणी जातंय. मी पातं पट्ट्याखाली घालून जोरानं उचकटलं. ते वाकलं, आबा! नाव कोरलेलं होतं बरोबर तिथं वाकलं.

काठावर ठकूबाई गवत कापत होती. तिथल्या वाडीतली धनगराची बाई, साठीची असेल. ती लुगडं खोचून सरळ पाण्यात उतरली, मला खांद्यानं बाजूला सारलं आणि कोयतीच्या एका ओढीत पट्टा तोडला. एका! अनुजाचा खांदा निखळला होता, दीड महिना हात गळ्यात बांधला. जीव वाचला.

काठावर ठकूबाईनं माझ्या हातातला वाकडा सुरा बघितला.

"ह्यो कुठल्या जत्रंतनं आनलास गं?"

तिची कोयती माझ्यासमोर दगडावर होती. पात्यावर ठसा होता. तीन टिंबं, वर चंद्रकोर.

घरी आले ती चपला न काढता भट्टीत आले. सुरा ऐरणीवर ठेवला, तुमचीच कानस घेतली आणि तुमच्या देखत फिरवली. कानसेनं लोखंड लोण्यासारखं खाल्लं. तुम्ही भट्टीचा ब्लोअर बंद केलात.

"पाणी दिलं नव्हतंत."

"न्हवतं दिलं."

"विसरलात?"

"इसरंन कसा? मुद्दाम न्हाई दिलं. मूठभर पोरगी तू. पाण्याचं पातं हातातनं निसटलं तर बोट जाईल. कपाळावर हात मारून बसायची येळ आली असती तुझ्या आयवर."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस व्हय? म्हटलं पोरीची हौस हाय. नाव कोरलं, पितळ लावलं. पूजंला ठेवायची वस्तू ती. तू ती लागलीस वड्यात घेऊन हिंडायला!"

"ठकूबाईच्या कोयतीला दिलंत ना पाणी? ती पण बाईच आहे."

"ती गिऱ्हाईक हाय. तिचं पोट हाय त्येच्यावर."

"आणि माझं?"

"तुझं काय? तुझ्याजवळ पदवी हाय की."

हे शेवटचं तुम्ही हसत म्हणालात. मला दुखवायला नाही, हे मला कळतं. म्हणूनच ते जास्त लागलं. रागानं म्हणाला असतात तर मी विसरले असते. ते तुम्हाला इतकं सरळ आणि साधं वाटत होतं! मुलगी पाण्यात मरता मरता वाचली, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, "तुझं बोट तर शाबूत हाय न्हवं?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मी सांगितलंतं त्यास्नी, पोरीला फसवू नगासा." म्हणजे तिलाही माहीत होतं. मग आबा, सुरा जिच्या कमरेला, तिलाच माहीत नव्हतं?

त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलले नाही. सहा आठवडे. तुम्ही ताटावरून विचारायचात, "जेवलीस का?" मी ताट घेऊन आत जायचे. एका सकाळी तुम्ही भट्टी पेटवायला गेलात आणि परत आलात ते खांद्यावरून. लोक म्हणाले, बोल आता काय बोलायचंय ते, बाप ऐकत असतो. मला काही सुचलं नाही. त्या सहा आठवड्यांचं वाईट वाटतं मला, खोटं कशाला सांगू? एकदा 'जेवले' म्हणायला काय गेलं असतं? पण वाईट वाटतं म्हणून राग गेला, असं समजू नका. दोन्ही एकाच घरात राहतात. एकमेकांशी बोलत नाहीत.

वर्षभर मी रानात दुसऱ्याची कोयती मागून नेली. पण शनिवारी पुन्हा शिबिर आहे, गगनबावड्यालाच, अठरा मुली. मागून आणलेल्या हत्यारावर किती दिवस भागवू? म्हणून काल कोडोलीला गेले. तिथं महादेव मिस्त्री आहेत, तेही लोहारच, तुम्ही त्यांना "कोडोलीचं गाढव" म्हणायचात.

"काय पायजे पावणं?"

"रानात न्यायला सुरा."

"कुनाला?"

"मला."

मी थांबले. आता हसेल, आता विचारेल, तुला कशाला. तो माणूस नुसता उठला, तीन सुरे आणून ऐरणीवर ठेवले, शेजारी कानस ठेवली आणि म्हणाला, "बघून घ्या की मग."

मी बघितले. एकाच्या मुठीत पात्याचं नुसतं टोक गेलेलं, तो सरकवला. दुसऱ्यावर कानस फिरवली, तिनं लोखंड खाल्लं, तोही सरकवला. तिसऱ्यावर कानस घसरली. मूठ पाण्यात भिजवून पकडली, फिरली नाही. ओंडक्यावर पाठ ठोकून बघितली, मुठीचा सांधा वाजला नाही. दिसायला ओबडधोबड, कड नाही, पितळ नाही.

"हा."

मिस्त्री मोठ्यांदा हसले. "बिनपाण्याचं मीच ठेवलंतं मदी. म्हटलं बघावं, पावणीला कळतंय का नुसतंच बोलतीया. कुनाची तू?"

मी पिशवीतून तुमचा सुरा काढून ठेवला. ठसा बघून त्यांनी टोपी सारखी केली. मग वाकलेलं पातं बघितलं आणि कानस लावली.

"असलं काम त्यांनी कदी केलं न्हाई."

"केलं. माझ्यासाठी."

"पोलाद एक नंबर हाय, पोरी. ट्रकच्या कमानीचा पाटा हाय. ठेव हितं. सरळ करून पाणी देतो. धा मिन्टाचं काम."

दहा मिनिटं! मला वाटत होतं की ते काहीतरी मोठं, अवघड काम असेल. गावोगावच्या ऊसतोड्यांना शेकडो कोयत्यांसाठी ती दहा मिनिटं तुम्ही दिलीत. तीन वर्षं मागूनही माझ्या वाट्याला ती आली नाहीत, आणि कोडोलीचं गाढव मला ती उभ्या उभ्या द्यायला तयार होतं.

मी नको म्हणाले. ती दहा मिनिटं तुमच्याकडून हवी होती. दुसऱ्यानं दिली तर तो चांगला सुरा होईल, पण तुम्ही मला दिलेला होणार नाही. सुरा तसाच घरी आणला आणि आईकडं दिला. तिला पूजेला ठेवायचा तर ठेवू दे.

आत्ता विनू पुन्हा येऊन गेला. मी त्याच्या हातात एकच ओळ दिली. 'ऊसपट्ट्यातले नावाजलेले लोहार.' खाली नाव. बस्स.

"ह्यात भावना कुठं हायत, ताई?"

"खरं आहे ते छाप."

तो कुरकुरत गेला. खरंच होतात तुम्ही नावाजलेले, तेवढं मी खोडणार नाही. मला एकटीला फसवलंत, तेही खोडणार नाही. माफ केलं असं लिहायची रीत असते शेवटी. मी लिहीत नाही, कारण केलेलं नाही.

पण एक वचन देते, आबा, तुम्हाला आवडो न आवडो. शनिवारी त्या अठराजणींना पाण्यात उतरवायच्या आधी मी गोलात बसवीन. एकेकीच्या हातात कानस देईन आणि हा नवा सुरा तपासायला लावीन, मी दिलाय म्हणून विश्वास ठेवू नका असं सांगून. धार खरी असेल. एखादीचं बोट कापेल, रक्त येईल, तिचे आईवडील मला बोलतील. मी ते बोलणं ऐकून घेईन आणि तिच्या बोटाला पट्टी बांधीन. पण तिला वाचवायच्या नावाखाली तिच्या हातात पत्रा देणार नाही. कुणाच्याच नाही. माझ्या पोटी मुलगी आली, तरी तिच्याही नाही.

नाइलाजानं तुमचीच,
रोहिणी